ओढ्याकाठचा शीळकरी

सन १९८४ च्या जुलै महिन्यातील ही गोष्ट आहे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील एका लहानशा गावी मी शिक्षक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. शाळेची इमारत कौलारू होती. तिच्या पाठीमागे थोड्या अंतरावर एक ओढा वाहत असे आणि ओढ्यापलीकडे दाट रान डोंगराच्या खांद्यापर्यंत चढत गेलेले होते. चार दिवस पावसाची झड लागली होती. सकाळी ओसरीवर प्रार्थना चालली असता मध्येच कोणीतरी शीळ घातली. शीळ मोठी स्पष्ट व गोड होती, आणि काहीशी आळसावलेलीही होती. एखादा मुलगा खिशात हात घालून, कशाचीही फिकीर न करता रस्त्याने रमतगमत चालला असावा, तशी ती वाटली.

प्रार्थना संपताच मी विचारले, "शीळ कोणी घातली?" कोणी बोलेना. शेवटच्या रांगेतील एका मुलाच्या ओठांवर मात्र हसू दिसले. तेवढ्या पुराव्यावर मी निकाल देऊन टाकला आणि पहिला तासभर त्याला वर्गाबाहेर, पागोळ्या गळत होत्या तेथे, उभे केले.

तास संपत आला तोच पुन्हा तीच शीळ ऐकू आली. मी खिडकीतून डोकावून पाहिले. मुलगा भिंतीला टेकून उभा होता. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते. शीळ ओढ्याकडून येत होती.

तो मुलगा डोंगरावरच्या एका वाडीतून रोज दीड कोस चालत शाळेत येई. मी त्याला आत बोलावले, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "गुरुजी, त्यो मानूस न्हवं, पाखरू हाय. वढ्यात बसून रोज शीळ घालतंय."

"मग सकाळीच का नाही सांगितलेस?"

"तुमी रागावला हुता न्हवं," तो म्हणाला.

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी मी सर्व मुलांसमोर त्याची माफी मागितली. परंतु तत्पूर्वी, त्याच दिवशी पहाटे, तो मला ओढ्यावर घेऊन गेला. पुरते उजाडलेले नव्हते. आम्ही एका जांभळीच्या बुंध्याआड बसलो. डोक्यावर घोंगडीची खोळ, पायांना जळवा आणि पुढे खळाळणारे पाणी, अशा थाटात अर्धा तास गेला. मग पाण्यातील एका काळ्या कातळावर काहीतरी हालले. तोवर मी त्याला दगडाचाच एक भाग समजत होतो. तो पक्षी होता.

या पक्ष्याला मराठीत शीळकरी कस्तुर असे नाव आहे. इंग्रज लोक प्रथम या डोंगरांत आले, तेव्हा त्यांनाही माझ्यासारखाच चकवा बसला असला पाहिजे. कारण त्यांनी या पक्ष्याला 'शीळ घालणारा शाळकरी मुलगा' असेच नाव देऊन टाकले. कोणी कोणी त्याला 'आळशी शाळकरी' असेही म्हणत. शीळकरी आणि शाळकरी! आमच्या भाषेत या दोहोंत केवळ एका वेलांटीचे आणि कान्याचे अंतर आहे, ही मौज त्या बिचाऱ्यांना कोठून कळावी?

आता त्याचे रूप पाहू. आकाराने तो साळुंकीएवढा, चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे २५ सेंटिमीटर भरतो. मात्र त्याचे पाय साळुंकीपेक्षा लांब व मजबूत असतात. निसरड्या दगडांवरून टुणटुण उड्या मारणाऱ्यास तसेच पाय हवेत. चोच काळी आणि पायही काळे. अंग निळसर काळे. नर आणि मादी दिसावयास सारखीच असतात. ओढ्यावर जोडी दिसली तरी त्यांतील नर कोणता व मादी कोणती हे नुसत्या दृष्टीने सांगता यावयाचे नाही. पिलांचा रंग अधिक तपकिरी असतो व त्यांच्या कपाळावर मोठ्यांसारखी निळाई नसते.

मी जी निळाई म्हणतो तीच या पक्ष्याची खरी शोभा होय. कपाळावर एक आणि दोन्ही खांद्यांवर एकेक, असे लखलखीत निळ्या रंगाचे पट्टे त्याला असतात. गंमत अशी की, पाहणाऱ्याला हे पट्टे दर वेळी दिसतीलच असे नाही. झाडांच्या गर्द सावलीत बसलेला कस्तुर अगदी कोळशासारखा काळा दिसतो. एवढ्यात ढगांतून उन्हाची एखादी तिरीप खाली आली आणि त्याने मान वळविली, की कपाळावरची निळाई अशी झळकते, जणू कोणी आताच तेथे रंगाचा हात फिरविला आहे. तो पुन्हा सावलीत सरकला, की पुन्हा काळा.

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. जास्वंदीच्या पाकळ्या कुस्करल्या तर बोटांना रंग लागतो, कारण पाकळीत रंगद्रव्य असते. पक्ष्यांच्या पिसांतील काळा किंवा तपकिरी रंगही असाच रंगद्रव्यामुळे येतो. निळ्या रंगाचा प्रकार निराळा आहे. पक्ष्यांच्या पिसांत निळे रंगद्रव्य नसते. आपली नखे ज्या जातीच्या द्रव्याची बनलेली असतात, त्याच जातीच्या द्रव्याचे पीसही बनलेले असते, आणि त्याची अंतर्रचना इतकी सूक्ष्म व अशा नेमक्या अंतरांची असते की, तीवर पडलेल्या प्रकाशातील निळे किरण तेवढे आपल्या डोळ्यांकडे परत फिरतात. साबणाच्या फुग्यावर सात रंग दिसतात. पण वाटीतील साबणाच्या पाण्यात ते रंग कोठे असतात? तसेच हे आहे. निळे पीस कुटून त्याची पूड केली, तर निळा रंग हाती लागत नाही, कारण रचना मोडताच रंगही जातो. मोराच्या पिसाऱ्यातील निळाईचे मूळही पिसाच्या अशाच सूक्ष्म रचनेत आहे. म्हणून कस्तुराची निळाई पाहावयाची असेल, तर योग्य कोनातून येणाऱ्या प्रकाशाची वाट पाहिली पाहिजे.

ओढ्याकाठच्या रानात आणखीही काही काळे पक्षी असतात. त्यांच्याशी याची गल्लत होऊ नये. साधा कस्तुर हाही या डोंगरांत राहतो व उत्तम गातो, परंतु त्याची चोच पिवळसर नारिंगी असते व अंगावर निळाई नसते. चोच पाहिली की प्रश्न सुटतो. हिमालयात शीळकऱ्याचा एक मोठा भाऊबंद राहतो. तो लांबीला ३० सेंटिमीटरहून अधिक भरतो. आपल्याकडील पक्ष्यापेक्षा तो चांगलाच थोराड असतो आणि त्याची चोच पिवळी असते. तिकडे कधी गेलात व गंगेच्या किंवा अलकनंदेच्या काठी असा पक्षी दिसला, तर आपला कस्तुर इकडे कसा आला, म्हणून चकित होऊ नका.

त्या पहाटे आमच्या डोळ्यांसमोर कस्तुराचा नाश्ता चालला होता. तो एका दगडावरून दुसऱ्या दगडावर उडी मारी, थांबे, शेपटी वर उचलून पंख्यासारखी पसरी व मिटी, मान वाकडी करून पाण्याच्या कडेकडे पाही. एकाएकी त्याने दोन दगडांच्या सांदीत चोच घातली आणि एक लहानसा खेकडा बाहेर ओढला. खेकड्याने नांग्या उगारल्या. पण कस्तुर त्याच्या नांग्यांना बधणारा नव्हता. त्याने खेकड्याला चोचीत धरून कातळावर दाणदाण आपटले, सोडले, पुन्हा उचलले, पुन्हा आपटले. नांग्या गळून पडल्या, कवच फुटले, आणि मग आतील मऊ भाग त्याने सावकाश खाल्ला. "ह्यो दगूड त्याचं ताट हाय," मुलगा हळूच म्हणाला. उजाडल्यावर आम्ही जवळ जाऊन पाहिले, तो खरोखरच त्या कातळावर खेकड्यांच्या कवचांचे तुकडे आणि गोगलगायींचे फुटके शंख पडले होते. ज्याने हे दाखवून दिले, त्याला मी आदल्या दिवशी वर्गाबाहेर उभे केले होते!

खेकडे, गोगलगायी, गांडुळे, लहान बेडूक, पाण्यातील व पाण्याकाठचे किडे हे त्याचे मुख्य अन्न होय. जोडीला तो रानातील लहान रसाळ फळेही खातो. पावसाळ्यात या सर्वच वस्तूंची चंगळ असते. पहिल्या पावसाबरोबर खेकडे बिळांतून बाहेर येतात, बेडूक अंडी घालतात, कुजलेल्या पाल्यात गांडुळे वळवळू लागतात. कोकणातील व घाटावरील मुले याच दिवसांत खेकडे धरावयास ओढ्यावर जातात. कस्तुरही त्याच ओढ्यावर त्याच कामासाठी येतो. तेव्हा त्या दिवसांत हे दोघे एकमेकांचे प्रतिस्पर्धीच म्हणावयाचे.

पोटाची सोय जेथे, तेथेच घर. त्यामुळे शीळकऱ्याचे सारे जीवन ओढ्याभोवती गुंफलेले असते. त्याला कसा ओढा लागतो? पाणी वाहते हवे, पात्रात मोठे दगड हवेत, कडेला ओलसर दरडी व कपारी हव्यात आणि वर झाडांची दाट सावली हवी. असे ओढे डोंगराळ रानातच सापडतात. गुजरातेतील डांगच्या जंगलापासून सह्याद्रीच्या रांगेने महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक व केरळपर्यंत हा पक्षी आढळतो. निलगिरीच्या उंच पठारांवर तो आहे. सातपुड्याच्या डोंगरांतही आहे. आपल्याकडे महाबळेश्वर, माथेरान, भीमाशंकर, आंबोली, कोयनेचे खोरे येथे पावसाळ्यात त्याची शीळ ऐकू येते. मुंबईत राहणाऱ्या मुलांनी खट्टू होण्याचे कारण नाही, कारण बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील ओढ्यांवरही तो आढळतो.

येथे मला ओढ्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर पक्ष्याची गोष्ट अपुरी राहील. महाबळेश्वरास वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे पडलेले सारे पाणी जागच्या जागी साठून राहिले असते, तर एखादे दुमजली घर सहज कौलांपाशी बुडाले असते. आता असा विचार करा की, हे पाणी उघड्या, बोडक्या डोंगरावर पडले. ते चार तासांत खाली धावेल, वाटेतील माती घेऊन जाईल, आणि दिवाळी येण्यापूर्वीच ओढा कोरडा पडेल. परंतु तेच पाणी रानावर पडले, तर प्रथम त्याला झाडांची पाने अडवितात. खाली कुजलेल्या पाल्याचा जाड थर असतो, तो स्पंजासारखा भिजतो. मुळांनी पोखरलेल्या मातीत पाणी मुरते, कातळाच्या भेगांतून झिरपत जाते आणि पुढे कित्येक महिने झऱ्यांच्या रूपाने थोडेथोडे बाहेर येत राहते. अंजन, जांभूळ, हिरडा अशा झाडांचे रान वरच्या अंगाला उभे असते, म्हणून खालच्या अंगाला मार्चमध्येही एखाद्या डोहात पाणी दिसते. त्या डोहात खेकडा जगतो आणि खेकड्यावर कस्तुर जगतो. पाऊस संपल्यावर पुष्कळसे ओढे आटू लागतात. तेव्हा काही कस्तुर अशा बारमाही पाण्याजवळ राहतात, तर काही रान सोडून डोंगराच्या पायथ्याकडील झाडीत भटकतात आणि मृगाच्या सुमारास पुन्हा आपापल्या ओढ्यावर परततात.

पुढे नोकरीच्या निमित्ताने मी एका दुसऱ्या गावी गेलो. तेथील ओढा रस्त्याच्या कामात सरळ करण्यात आला. पात्रातील मोठे दगड फोडून खडी केली, दोन्ही काठ सिमेंटने बांधून काढले व सावलीची झाडे तोडली. पाणी पूर्वीइतकेच वाहत होते. मी तेथे सहा वर्षे होतो. पहिल्या पावसाळ्यात ऐकलेली शीळ नंतर कधी ऐकली नाही. पक्ष्याला कोणी दगड मारला नव्हता की जाळे लावले नव्हते. पाणी असूनही त्याला सांदीकपारी नव्हत्या, आणि सांदीकपारी नाहीत तेथे खेकडा राहावा कोठे? शीळकऱ्याची जात आज एकंदरीने धोक्यात नाही, असे पक्षितज्ज्ञ सांगतात, व ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु त्या गावच्या मुलांना या समाधानाचा उपयोग काय? त्यांच्या ओढ्यावर तो नाही, एवढे खरे.

आता ज्या शिळेमुळे मी फसलो, तिच्याकडे वळतो. आपण शीळ घालतो ती ओठांचा चंबू करून. पक्ष्याला ओठ नसतात. त्याचे स्वरयंत्र आपल्यासारखे गळ्यात वरच्या बाजूस नसून खूप खाली, श्वासनलिकेला जेथे दोन फाटे फुटून ती फुप्फुसांकडे जाते, त्या ठिकाणी असते. दोन्ही फाट्यांवरील पडदे निरनिराळे हालविता येत असल्यामुळे गाणारे पक्षी सुरांवरून अशा झपाट्याने चढउतार करतात की, भलाभला गवई थक्क व्हावा. इतके असूनही शीळकऱ्याची शीळ माणसाच्या शिळेसारखी वाटते, याचे कारण तिचे स्वच्छ, सुटे आणि गोल सूर. तिच्यात किलबिल नसते, करकर नसते. एक सूर येतो, जरा लांबतो, खाली घसरतो, मग दुसरा. जणू एखाद्याला चाल आठवत नाही आणि तो आठवीत आठवीत शीळ घालीत आहे. तिला आरंभ नाही आणि शेवटही नाही. मनात येईल तेथे तो थांबतो. यावरूनच माणूस व पक्षी यांतील भेद ओळखावा. माणूस ओळीच्या शेवटी श्वासासाठी थांबतो आणि बहुधा पुन्हा त्याच ओळीवर येतो. कस्तुर सहसा तसे करीत नाही.

पहाटे, अंधार असतानाच, तो गाऊ लागतो. बऱ्याच ठिकाणी दिवसाचा पहिला स्वर त्याचाच असतो. संध्याकाळीही तो गातो. पावसाळा जवळ आला की त्याच्या गाण्याला जोर चढतो, व पावसाळाभर ते चालते. गाण्याचा हेतू अर्थातच आपली करमणूक हा नव्हे. ओढ्याचा अमुक एवढा भाग माझा आहे, येथे दुसऱ्या नराने येऊ नये, हे तो बजावीत असतो, आणि मादीलाही आपला ठावठिकाणा कळवीत असतो. भीती वाटली किंवा राग आला म्हणजे मात्र हाच गायक असा कर्कश व तीक्ष्ण चीत्कार करतो की कानठळ्या बसाव्यात. पाण्याचा खळाळ कापून तो आवाज दूरवर पोहोचतो. प्रथम ऐकणाऱ्याला हे दोन्ही आवाज एकाच गळ्यातले आहेत, हे पटत नाही.

या गोड गळ्यापायी कस्तुराला दुःखही भोगावे लागले. पूर्वी त्याची पिले घरट्यातून काढून पिंजऱ्यात वाढवीत. गाणारे पक्षी आपले गाणे पुष्कळसे ऐकून शिकतात. पिल्लू लहानपणीच माणसात आले, तर माणसाने ऐकविलेली चालही ते उचलते. त्यामुळे शिळेवर गाण्याची चाल वाजविणारा कस्तुर पाळणे हा शौक होऊन बसला होता. आता १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये असा पक्षी धरणे वा बाळगणे हा गुन्हा आहे. तथापि कायद्यापेक्षाही मला वाटते ते असे की, पिंजऱ्यातील कस्तुराला ऐकविलेली चाल येई खरी, पण दुसऱ्या कस्तुराला समजेल अशी शीळ त्याला कोण शिकविणार? घरच्या मंडळींशी बोलता न येणाऱ्या मुलासारखी त्याची गत होत असावी.

त्याच्या नावाचीही एक कथा आहे. १८३१ साली व्हिगर्स नावाच्या शास्त्रज्ञाने या पक्ष्याचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले व त्याला 'मायोफोनस हॉर्सफील्डी' असे नाव दिले. हॉर्सफील्ड हा अमेरिकन डॉक्टर. जावा बेटातील प्राणी व वनस्पती यांचा त्याने पुष्कळ वर्षे अभ्यास केला होता. 'मायोफोनस' या ग्रीक शब्दाचा अर्थ 'माशा मारणारा' असा होतो. खेकडे फोडणाऱ्या पक्ष्याला माशीमार म्हणावे, हे विनोदीच. पुढे दीडशेहून अधिक वर्षे शास्त्रज्ञ त्याला कस्तुरांच्या कुळात धरीत आले; मराठीतही त्याचे नाव त्यावरूनच पडले. परंतु अलीकडे पक्ष्यांच्या रक्तातील व पेशींतील आनुवंशिक द्रव्याची तुलना करता येऊ लागली. तेव्हा २०१० च्या सुमारास असे आढळून आले की, शीळकऱ्याचे जवळचे नाते कस्तुरांशी नसून माशीमार पक्ष्यांच्या कुळाशी आहे! आपल्या बागेतला दयाळ याच कुळातला. म्हणजे ते जुने ग्रीक नाव, जरी दुसऱ्याच कारणाने दिलेले असले, तरी अखेर त्याच्या कुळाला साजेसे ठरले. आपण मात्र त्याला कस्तुरच म्हणत राहू. एकदा रुजलेले नाव शास्त्रज्ञांनी कुळ बदलले म्हणून लोक सोडीत नसतात.

आमच्या ओढ्यावरील जोडीचे घरटे त्या मुलाने मला श्रावणाच्या आरंभी दाखविले. या पक्ष्याचे घरटे बहुधा धबधब्याशेजारच्या कपारीत, ओढ्याच्या दरडीतील खळग्यात किंवा अशाच एखाद्या ओलसर, आडोशाच्या जागी असते. आमच्या जोडीने गाडीरस्त्याखालच्या दगडी मोरीतील एक खोबण पसंत केली होती. शेवाळ, मुळ्या व गवत चिखलाने लिंपून केलेली ती एक जाडजूड वाटी होती आणि आत बारीक मुळ्यांचे अस्तर होते. तीत तीन अंडी होती. रंग फिकट गुलाबी, त्यावर तांबूस ठिपके. मी मुलाला अंड्यांस हात लावू दिला नाही, तर तो म्हणाला, "मला ठावं हाय, गुरुजी. मी गेल्या साली बी लावला न्हाई." अंड्यांवर नर व मादी आळीपाळीने बसतात आणि सुमारे सोळा-सतरा दिवसांत पिले बाहेर येतात.

भर पावसाळ्यात, भर ओढ्यात घर करणे म्हणजे वेडेपणाच, असे तुम्हांला वाटेल. मलाही वाटले. परंतु विचार केला असता त्यातील शहाणपण दिसते. पिलांना सतत मऊ किडे, गांडुळे, बेडूक लागतात आणि ते याच दिवसांत मुबलक मिळतात. कोसळत्या पाण्याच्या आडोशाला सापाला किंवा मुंगसालाही सहजासहजी पोहोचता येत नाही. धोका उरतो तो पाण्याचाच. पिले बाहेर आल्यावर आठवडाभराने एका रात्री असा पाऊस झाला की, शाळेच्या पायरीपर्यंत ओढ्याचे पाणी आले. सकाळी आम्ही दोघे मोरीकडे धावलो. गढूळ पाणी मोरी भरून वाहत होते आणि खोबणीच्या खाली वीतभरच उरले होते. घरट्याची बाहेरची बाजू भिजून काळी झाली होती. आम्ही काहीच करू शकत नव्हतो. दरडीवर छत्री धरून उभे राहिलो. दुपारपर्यंत पाणी चार बोटे उतरले. तेवढ्यात मादी चोचीत गांडूळ घेऊन आली, कठड्यावर बसून तिने शेपटी पसरली व मिटली, आणि मोरीत शिरली. आतून पिलांचा बारीक आवाज आला. तीन अंड्यांतून दोनच पिले निघाली होती, ती दोन्ही शाबूत होती.

तुम्हांला हा पक्षी पाहावयाचा असेल, तर जून ते ऑगस्टच्या दरम्यान सह्याद्रीतील एखाद्या रानातल्या ओढ्याकडे वडीलधाऱ्या माणसांबरोबर जावे. रंगीबेरंगी कपडे नकोत व बोलणे नको. पूर आलेल्या ओढ्यात उतरू नये. दगडावर खेकड्याची ताजी कवचे दिसली, तर तेथून दूर, आडोशाला बसावे आणि पहाटेची वेळ साधावी. प्रथम शीळ ऐकू येईल. शिळेच्या दिशेने धावू नये. त्याच त्याच दगडांवर तो परत येतो, तेव्हा आपणच स्थिर बसावे हे चांगले. घरटे सापडले, तर दुरूनच पाहून माघारी फिरावे. माणसांची वर्दळ वाढली तर पक्षी घरटे सोडून जाण्याचा संभव असतो.

त्या वर्षी गोकुळाष्टमीच्या सुटीनंतर शाळा भरली, तेव्हा मोरीतील वाटी रिकामी होती. मुलाने सांगितले की, त्याने आदल्या संध्याकाळी दोन्ही पिले ओढ्याच्या वरच्या अंगाला, करवंदीच्या जाळीत पाहिली; त्यांची शेपटी अजून आखूडच होती आणि आईबाप त्यांना भरवीत होते. त्या सकाळी प्रार्थना चालू असता ओढ्याकडून पुन्हा शीळ आली. साऱ्या शाळेने एकदम माझ्या तोंडाकडे पाहिले. शेवटच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसले. मीही हसलो, आणि प्रार्थना पुढे चालू केली.